‘डीपफेक’ : शब्दाचा अर्थ आणि अनर्थ

विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबर २०२४ रोजी, काही ध्वनिफिती प्रसृत झाल्या. त्यांतील आवाज भंडारा जिल्ह्यातील साकोलीचे उमेदवार नाना पटोले आणि खासदार सुप्रिया सुळे यांचे असल्याचा दावा होता. दोघांनीही तो फेटाळला. तथ्य तपासणाऱ्या पत्रकारांना काही फितींत यंत्रनिर्मित आवाजाच्या खुणा आढळल्या. पण अशा तपासणीचे उत्तर ‘शक्यता’ एवढेच असते. साकोलीचा निकाल अवघ्या २०८ मतांनी लागला. अशा अटीतटीच्या ठिकाणी अफवा आणि पुरावा यांतील फरक कळणे किती निकडीचे, हे वेगळे सांगायला नको.

अशा प्रकाराला आता सर्रास ‘डीपफेक’ म्हणतात. शब्द २०१७ सालचा. रेडिट या संकेतस्थळावरील एका सदस्याने हे टोपणनाव घेऊन नट्यांचे चेहरे दुसऱ्यांच्या चित्रफितींवर बसवले. पुढे तेच त्या तंत्राचे नाव झाले. त्यातील ‘डीप’ ‘डीप लर्निंग’मधून आला आहे. अनेक थरांच्या संगणकीय जाळ्याला असंख्य नमुने दाखवून शिकवायचे, अशी ही रीत. थर पुष्कळ म्हणून ‘खोल’. त्यातून ‘खोलवर शिजलेले कारस्थान’ असा अर्थ काढणे चूक आहे.

दुसरी चूक याहून मोठी. मे २०१९ मध्ये अमेरिकेत नॅन्सी पेलोसी यांची, त्या अडखळत बोलत आहेत असे भासवणारी चित्रफीत गाजली. प्रत्यक्षात मूळ फितीचा वेग सुमारे ७५ टक्क्यांवर आणला होता, इतकेच. ही लबाडी खरी, पण डीपफेक नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण त्यावर तपासाची रीत ठरते. वेग बदललेली फीत मूळ फीत शोधून उघडी पाडता येते. यंत्राने घडवलेल्या आवाजाला मूळ फीतच नसते.

तिसरा धोका उलट दिशेचा. खरे ध्वनिमुद्रणही ‘डीपफेक’ म्हणून झटकता येते. चेस्नी आणि सिट्रॉन या कायदेतज्ज्ञांनी याला ‘खोटारड्याचा लाभांश’ म्हटले आहे. म्हणून ‘आवाज ओळखीचा वाटतो’ हा जसा पुरावा नाही, तसे ‘हे डीपफेक आहे’ हे नुसते विधानही पुरावा नाही.

शिक्षकांनी वर्गात तीन प्रश्न विचारावेत : मूळ कोठे आहे? बदलले काय? कशाने बदलले? तिसऱ्याचे उत्तर ‘शिकवलेल्या यंत्राने’ असे मिळाले, तरच डीपफेक म्हणावे. तोवर ‘संशयास्पद फीत’ हे साधे शब्द पुरेसे आहेत.