विधान आणि कृती : पायथनच्या बांधणी-पत्रातील स्थित्यंतर

पायथन भाषेतील आज्ञावली दुसऱ्याच्या संगणकावर कशी सिद्ध व्हावी, हे सांगण्याचे काम २००० सालापासून डिस्टयूटिल्सच्या आधारे ‘सेटअप.पीवाय’ या फाइलीकडे होते. ही फाइल म्हणजे केवळ वर्णन नव्हे. ती स्वतःच एक आज्ञावली होय. बांधणीला कोणती साधने लागतात हे जाणण्यासाठी ती चालवावी लागे, आणि ती चालवण्यासाठी तीच साधने आधी हाताशी असावी लागत. हा अन्योन्याश्रय मोडण्यासाठी २०१६ च्या पेप ५१८ या प्रस्तावाने ‘पायप्रोजेक्ट.टॉमल’ ही फाइल पुढे आणली.

या बदलाची चर्चा बहुधा लेखनपद्धतीच्या अंगाने होते. जेसॉनमध्ये टिप्पणीस जागा नाही, यॅमलचे नियम पसरट आहेत, जुन्या आयएनआय धाटणीस निश्चित नियमच नाहीत, म्हणून टॉमल, असा तो युक्तिवाद. तो यथार्थ असला तरी गौण आहे. ‘सेटअप.सीएफजी’ ही फाइलही वर्णनात्मकच होती. परंतु तिच्यातील वर्णनाचा अर्थ सेटअपटूल्स या एका साधनाशी बांधलेला होता. नव्या व्यवस्थेचे खरे श्रेय निराळे आहे. बांधणी कोणत्या साधनाने करावी, हे पेप ५१७ मुळे लेखकास निवडता आले. आणि नाव, आवृत्ती, अवलंबित्वे यांची परिभाषा २०२० च्या पेप ६२१ ने सर्व साधनांना समान केली.

तथापि एक दोष नजरेआड करता येत नाही. त्याच फाइलीत ‘टूल’ या सदराखाली इतर साधनांनाही आपापल्या नोंदी ठेवण्याची मुभा मिळाली. पुढे पिप हे साधन, ही फाइल आहे एवढ्यावरूनच, बांधणीची पद्धत बदलू लागले. केवळ ब्लॅकसारख्या मांडणी-साधनासाठी ती ठेवणाऱ्या प्रकल्पांनाही त्याची झळ लागली. वर्णनासाठी लिहिलेल्या पत्राचे अस्तित्वच कृती ठरावे, हा मूळ तत्त्वाशी विसंवाद होय. शिवाय टॉमल वाचणारे ‘टॉमलिब’ पायथनच्या प्रमाण संग्रहात आले ते २०२२ च्या ३.११ आवृत्तीत, आणि तेही केवळ वाचणारे, लिहिणारे नव्हे.

२०२३ च्या ३.१२ आवृत्तीतून डिस्टयूटिल्स वगळले गेले. सेटअप.पीवाय मात्र नाहीशी झाली नाही. सी भाषेत लिहिलेले भाग असणाऱ्या काही प्रकल्पांत ती अद्याप आहे. पेप ६२१ मधील ‘डायनॅमिक’ हे कलमही, काही माहिती बांधणीच्या वेळीच ठरते, अशी कबुली देते. म्हणून जुनी फाइल गेली की राहिली, यावरून या स्थित्यंतराचे मूल्यमापन करू नये. जे आधी सांगता येते ते चालवल्यावाचून कळावे, एवढीच त्याची प्रतिज्ञा होती. आणि तेवढ्यापुरते ते बहुतांशी कसोटीस उतरले आहे.