मोजायची यादी, वाचायची यादी

कुठल्याही लेखकाचे मोठेपण आपण त्याच्या पुस्तकांच्या संख्येवरून ठरवत नाही. संशोधकाच्या बाबतीत मात्र ही गोष्ट आपण बिनदिक्कत करतो. रॉबर्ट लँगर यांची प्रकाशनसूची समीक्षकाच्या नजरेने वाचली तर काय हाती लागते, हे मला पाहायचे आहे.

लँगर हे अमेरिकेतील एमआयटीमधले रासायनिक अभियंते. जैववैद्यकीय अभियांत्रिकीत त्यांच्याइतका आधार क्वचितच कुणाचा घेतला गेला असेल. त्यांच्या नावावर १५०० हून अधिक शोधनिबंध आहेत आणि त्यांचा एच-इंडेक्स ३०० च्या पुढे आहे. म्हणजे त्यांच्या किमान ३०० निबंधांपैकी प्रत्येकाचा उल्लेख इतरांनी किमान ३०० वेळा केला आहे. ही मोजणी जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवली.

आता साधा हिशेब करू. लँगर यांनी डॉक्टरेट मिळवली १९७४ मध्ये. पन्नास वर्षांत १५०० निबंध म्हणजे सरासरी दर बारा दिवसांनी एक. एकटा माणूस इतके लिहू शकत नाही. ही यादी एका मोठ्या प्रयोगशाळेची, तिथे शिकलेल्या शिष्यांची आणि सहकाऱ्यांची आहे. संगीताच्या भाषेत सांगायचे तर ती एका घराण्याची यादी आहे. निर्देशांक मात्र घराण्याचे सारे गाणे एकाच गवयाच्या नावावर जमा करतो.

या यादीतले दोनच निबंध शेजारी ठेवून पाहा. पहिला १९७६ चा, जुडा फोकमन यांच्यासह 'नेचर'मध्ये आलेला. गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारा पदार्थ फोकमन शोधत होते. तो तपासायचा तर प्रथिनासारखा मोठा रेणू ऊतीत दिवसेंदिवस हळूहळू झिरपत राहायला हवा होता. बहुवारिकातून एवढे मोठे रेणू असे बाहेर पडणार नाहीत, अशी तेव्हाची समजूत होती. या निबंधाने ती मोडली. पुढे लँगर यांचे अनुदानाचे पहिले नऊ अर्ज फेटाळले गेले.

दुसरा १९९३ चा, जोसेफ व्हॅकांटी यांच्यासह 'सायन्स'मध्ये आलेला. विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या सांगाड्यावर पेशी वाढवून ऊती घडवण्याच्या शास्त्राचा तो आढावा आणि आराखडा होता. त्याला हजारो उल्लेख मिळाले. या क्षेत्रात नव्याने लिहिणारा पहिल्याच परिच्छेदात त्याला नमस्कार करतो. पण तीस वर्षांनंतरही असे घडवलेले पूर्ण यकृत किंवा मूत्रपिंड नेहमीच्या उपचारांत आलेले नाही. यात निबंधाचा दोष नाही. मात्र इथे उल्लेखांचा आकडा आशेचे माप आहे, सिद्धीचे नव्हे. आणि एच-इंडेक्समध्ये समजूत मोडणारा निबंध एक, आराखडा मांडणाराही एकच.

पहिल्या निबंधाची वाट रुग्णापर्यंत गेली. मेंदूतील गाठ काढल्यावर तिथेच ठेवायच्या औषधी चकत्यांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. हेन्री ब्रेम यांच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गाठ उलटलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान औषधाविना २३ आठवडे होते, औषधासह ३१. आठ आठवड्यांचा फरक. तो फार नाही, पण त्या घरांना विचारावे. लँगर यांच्या कामाचे वजन करताना मला ३०० पेक्षा हा आठ जास्त बोलका वाटतो, आणि कुठल्याच निर्देशांकात त्याला जागा नाही.

लँगर यांचे या मोजणीने काही बिघडत नाही. बिघडते ते आपल्याकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांची बढती गुणांशी जोडली, त्यात शोधनिबंधांनाही गुण ठेवले, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना गिऱ्हाईक मिळाले. २०१८ मध्ये आयोगालाच आपल्या मान्य यादीतून ४३०५ नियतकालिके वगळावी लागली. ज्याला वाचायला वेळ आहे तो वाचतो. ज्याला नाही तो मोजतो, आणि मोजणाऱ्यासाठी लिहिणारे लगेच तयार होतात.

'नेचर'मधला तो निबंध आला तेव्हा लँगर २८ वर्षांचे होते आणि त्यांची यादी आखूड होती. आकडे पाहणाऱ्या निवड समितीला त्या यादीत काहीच दिसले नसते. म्हणून समित्यांनी उमेदवाराकडून त्याच्या पसंतीचे तीनच निबंध मागवावेत, आणि मुलाखतीला बसण्याआधी ते वाचून यावे.