गरोदरपणात प्रतिकारशक्ती ‘दबलेली’ असते का? एका पेपरची चिकित्सा

गरोदरपण आणि फ्लू, किंवा गरोदरपण आणि कोविड, या विषयावरचे चार-पाच पेपर उघडून बघा. प्रस्तावनेत एक वाक्य हमखास भेटेल: गर्भ नाकारला जाऊ नये म्हणून आईची प्रतिकारशक्ती दबलेली असते, आणि म्हणून श्वसनमार्गाचे विषाणू तिला जास्त छळतात. वाक्य इतकं सुटसुटीत आहे की आपण ते वाचून पुढे जातो आणि आपल्या सिनॉप्सिसमध्येही जसंच्या तसं उतरवतो. आज या वाक्याकडे जरा संशयाने बघू.

यात दोन दावे एकमेकांना चिकटवलेत. पहिला दावा निरीक्षणाचा: गरोदर स्त्रियांना आजार जास्त गंभीर होतो. दुसरा कारणाचा: प्रतिकारशक्ती दबल्यामुळे तसं होतं. पहिल्याला पुरावा भक्कम आहे. २००९ च्या एच१एन१ साथीत अमेरिकेच्या लोकसंख्येत गर्भवतींचं प्रमाण साधारण १ टक्का होतं, पण फ्लूच्या मृत्यूंमध्ये ते ५ टक्क्यांच्या आसपास होतं. पण पहिला दावा खरा ठरला म्हणून दुसरा आपोआप सिद्ध होत नाही. गडबड नेमकी इथेच होते.

हे वाक्य आलं कुठून?

१९५३ मध्ये पीटर मेडावर यांनी एक साधा प्रश्न विचारला. गर्भातली अर्धी जनुकं वडिलांची, म्हणजे आईच्या शरीरासाठी तो अर्धा परका. मग परक्या माणसाची त्वचा नाकारणारं शरीर गर्भाला नऊ महिने कसं सांभाळतं? त्यांनी तीन शक्यता मांडल्या: आई आणि गर्भ यांच्यात शारीरिक आडोसा असेल, गर्भाची ‘ओळख’ अजून पुरती तयार झालेली नसेल, किंवा आईची यंत्रणाच सुस्त होत असेल. पुढे १९९३ मध्ये थॉमस वेगमन आणि सहकाऱ्यांनी टीएच१ कडून टीएच२ कडे झुकाव होतो, अशी कल्पना मांडली. विषाणूविरुद्धच्या लढाईत टीएच१ प्रकारचा प्रतिसाद महत्त्वाचा. त्यामुळे ‘झुकाव’ या शब्दाचं वाचता वाचता ‘दबणं’ झालं. तीनपैकी एक शक्यता पाठ्यपुस्तकात वस्तुस्थिती होऊन बसली.

पेपर काय म्हणतो

आता २०१४ मध्ये पीएनएएसमध्ये आलेला अलेक्झांडर के, कॅथरीन ब्लिश आणि सहकाऱ्यांचा पेपर हातात घ्या. २१ गरोदर आणि २९ गरोदर नसलेल्या स्त्रिया. फ्लूची निष्क्रिय लस देण्याआधी, लशीनंतर सात दिवसांनी आणि गरोदर स्त्रियांच्या बाबतीत प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी रक्त घेतलं. त्या रक्तातल्या एनके आणि टी पेशी विषाणूला कसा प्रतिसाद देतात, हे फ्लो सायटोमेट्रीने मोजलं.

निकाल वाक्याच्या अगदी उलटा आला. लस देण्याआधीच, २००९ च्या एच१एन१ विषाणूसमोर एमआयपी-१ बीटा हे केमोकाइन बनवणाऱ्या एनके पेशींचं मध्यक प्रमाण गरोदर स्त्रियांमध्ये ६.६६ टक्के होतं, इतरांमध्ये ०.९० टक्के. लशीनंतर दोन्ही आकडे वाढले, पण फरक राहिला: ११.२३ विरुद्ध २.८१. एकाच वेळी अनेक कामं करणाऱ्या पेशीही गरोदर गटात जास्त होत्या. एच३एन२ विषाणूसमोरही तेच दिसलं.

पण मला या पेपरमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. याच पेशींना लेखकांनी पीएमए आणि आयनोमायसिन ही रसायनंही देऊन पाहिली. ही जोडी म्हणजे किल्ली न लावता वायरी जोडून गाडी सुरू करणं. पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राहक बाजूला ठेवून ती थेट आतल्या संदेशवहनाला चेतवते. आणि इथे गरोदर स्त्रियांच्या पेशींचा प्रतिसाद कमी निघाला!

लक्षात येतंय का? रक्त तेच, यंत्र तेच. विषाणू दाखवला तर उत्तर ‘जास्त’, रसायन दिलं तर ‘कमी’. लेखकांचं म्हणणं असं की पूर्वीचा ‘दबलेली’ हा निष्कर्ष अशा रसायनी चेतकांवर उभा होता. प्रतिसाद मोजताना आपण पेशीला नक्की कोणता प्रश्न विचारतोय, हे ठरवणं म्हणूनच प्रयोगाचा अर्धा भाग असतो. मेथड्सचा विभाग ‘नंतर वाचू’ म्हणून सोडणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा.

पेपर आवडला, तरी प्रश्न विचारायचेच

एक: नमुना छोटा आहे, मोजलेल्या गोष्टी अनेक. पेशी दोन प्रकारच्या, विषाणू दोन, वेळा वेगवेगळ्या, रेणू तीन. इतक्या तुलना झाल्या की एखादा फरक योगायोगानेही ‘लक्षणीय’ ठरू शकतो. इथे निकाल एकाच दिशेने येतात, ही जमेची बाजू. तरी मोठ्या गटात ते पुन्हा दिसायला हवेत.

दोन: हे रक्त आहे, फुप्फुस नाही. आणि या स्त्रियांना लस दिली होती, संसर्ग झालेला नव्हता. पेपरच्या शेवटी लेखक सुचवतात की हाच जोरकस प्रतिसाद फुप्फुसात दाह वाढवून आजार गंभीर करत असेल. कल्पना म्हणून उत्तम, पण ती या प्रयोगात तपासलेली नाही. तिला थोडा आधार उंदरांमधून मिळतो. २०११ च्या एका अभ्यासात एच१एन१ झालेल्या गाभण उंदरांचे मृत्यू जास्त विषाणूमुळे झाले नव्हते. प्रतिसादातून झालेली इजा आणि फुप्फुसाची अपुरी दुरुस्ती यांच्याशी ते जोडलेले दिसले. पण उंदराचं गरोदरपण तीन आठवड्यांचं असतं, हेही विसरू नका.

तीन: विरुद्ध दिशेचा पुरावाही आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने २०१२ मध्ये दाखवलं की गरोदर स्त्रियांच्या रक्तपेशी याच २००९ च्या विषाणूसमोर इंटरफेरॉन कमी बनवतात. इंटरफेरॉन ही अगदी पहिली फळी. मग खरं काय? दोन्ही खरं असू शकतं. पहिली फळी सुस्त आणि नंतरचा दाह जास्त, असं एकाच शरीरात घडू शकतं, आणि विषाणूच्या आजारात हे जोड-संकट अनोळखी नाही. ‘दबलेली’ या एका शब्दात ते मावत नाही, एवढंच.

आणि प्रतिकारशक्ती सोडूनही शरीर आहे

शेवटच्या महिन्यांत गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलतं. श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा सुमारे २० टक्क्यांनी घटते, ऑक्सिजनची गरज मात्र तेवढीच वाढते. हृदय आधीच ३० ते ५० टक्के जास्त रक्त फिरवत असतं. म्हणजे शिल्लक कमी, खर्च जास्त. तेवढाच न्यूमोनिया अशा स्त्रीला लवकर अतिदक्षता विभागात नेईल, तिच्या टी पेशी कितीही तल्लख असोत.

मुंबईच्या नायर रुग्णालयातले प्रसिद्ध झालेले आकडे बघा. कोविडच्या पहिल्या लाटेत ११४३ बाधित गर्भवतींपैकी ८ दगावल्या, दुसऱ्या लाटेत ३८७ पैकी २२. म्हणजे ०.७ टक्क्यावरून ५.७ टक्के. वर्षभरात मुंबईतल्या बायकांचं गरोदरपण बदललं नव्हतं. विषाणूचा प्रकार बदलला होता, रुग्णालयांवरचा ताण बदलला होता, कदाचित दाखल होणाऱ्यांची निवडही बदलली असेल. सगळा भार ‘गरोदरपणातल्या प्रतिकारशक्ती’वर टाकला तर हे बाकीचे घटक दिसेनासेच होतात.

शब्दाची किंमत कोण मोजतं?

‘दबलेली प्रतिकारशक्ती’ ऐकलं की पुढचा विचार येतो: मग लस तरी काय कामाची? उत्तर २००८ मध्येच आलं होतं. बांगलादेशातल्या ३४० गरोदर स्त्रियांच्या चाचणीत फ्लूची लस मिळालेल्या आयांच्या बाळांमध्ये खात्रीशीर फ्लूचे ६ रुग्ण निघाले, दुसऱ्या गटात १६. आयांमध्येही तापासह श्वसनाचे आजार ३६ टक्क्यांनी घटले. आईची यंत्रणा सुस्त असती तर वारेतून बाळापर्यंत पोचून त्याचं रक्षण करणारी प्रतिपिंडं आली कुठून?

तरीही कोविड लशींच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांतून गर्भवतींना वगळलं गेलं. त्यामागे मुख्य भीती सुरक्षिततेची होती, हे मान्य. पण परिणाम असा झाला की माहितीच नव्हती. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं आणि गर्भवतींना परवानगी २ जुलैला मिळाली. मधल्या काळात दुसरी लाट येऊन ओसरलीही होती. ज्यांना धोका जास्त, त्याच रांगेत सर्वांत शेवटी.

म्हणून प्रपोजल लिहिताना ‘इम्यून सप्रेशन’ हा शब्द आला की थांबा आणि स्वतःला विचारा: कोणती पेशी? कोणत्या चेतकासमोर? रक्तात की फुप्फुसात? कितव्या महिन्यात? कोणाच्या तुलनेत? यांपैकी तीन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे नसतील, तर ते वाक्य प्रस्तावनेतून काढा. ज्यांची उत्तरं अजून कोणाकडेच नाहीत, ते प्रश्न मात्र वहीत लिहून ठेवा. तुमचा पीएच.डी.चा विषय कदाचित त्यातच असेल.