सादड्यावरचा हिरवा

चौकट आडवी आहे. उजव्या अंगाला सादड्याचं जुनं झाड, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काजव्यांनी भरलेलं. त्याच्या मागे डोंगरसोंडेची काळी कड, कडेच्या वर लोणावळ्याच्या दिव्यांची तांबूस धग, आणि त्या धगीच्याही वर वृश्चिक रास, नांगी अजून डोंगराआड. डावीकडे अगदी खाली एका घराच्या ओसरीवरचा पिवळा दिवा. बाकी सगळा अंधार, आणि एक जागा सोडली तर तो अंधार म्हणूनच ठेवलेला.

हा फोटो माझ्या भाचीने काढला. राजमाचीची उधेवाडी, रोहिणी नक्षत्र, वळवाची एक सर येऊन गेलेली, मृग अजून लागायचा होता. मावळात काजव्यांचे दिवस ते एवढेच: मेचा शेवट आणि जूनचे पहिले काही दिवस. पाऊस एकदा धरला की संपलं. श्रीवर्धन आणि मनरंजन या जोडकिल्ल्यांच्या कुशीतली ही वाडी लोणावळ्याहून तुंगार्ली-वळवणच्या वाटेने पंधराएक किलोमीटर आत आहे. त्यामुळे शहराचा उजेड इथे पोचतो तो क्षितिजापुरता. रात्रीच्या फोटोग्राफीतला भाचीचा हा पहिलाच हंगाम. पण तिचं हे चित्र मी मोठं छापून घेतलं, आणि नवशिक्या कोणी भेटला की त्याच्यापुढे तेच ठेवतो. कारण रात्रीच्या फोटोबद्दल मला जे सांगायचं असतं ते सगळं त्यात आहे. फोकस आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी समजून शिकवल्या जातात. अंधारात त्या एकच असतात.

आधी सालीकडे बघा. सादड्याची साल खोल, चौकोनी भेगांची. काजव्यांच्याच उजेडात बुंध्याचा जेवढा भाग दिसतो तेवढ्यात त्या भेगा एकेक मोजता येतील इतक्या स्वच्छ आहेत. झाड स्पष्ट आलं म्हणून डोळा तिथे विसावतो आणि मगच वर आभाळाकडे जातो. हा फोकस अंधारात साधलेला नाही. दिवेलागणीच्या आधीच ती तिथे जाऊन बसली. संधिप्रकाशात ट्रायपॉड रोवला, बुंध्यावर फोकस लावला, ऑटोफोकस बंद केला आणि फोकसच्या कड्यावर चिकटपट्टी लावून टाकली. त्यानंतर रात्रभर त्या कड्याला हात नाही. एकदा काळोख पडला की कॅमेऱ्याचा ऑटोफोकस मागेपुढे घुटमळत राहतो, त्याला धरायला काही सापडत नाही. मग माणसं बॅटरी पेटवून झाडावर मारतात. नर काजवे लुकलुकतात ते मादीला बोलावण्यासाठी. त्या लुकलुकीवर बॅटरीचा झोत पडला की बोलावणंच बुडतं, झाड विझत जातं. ज्यांच्या अंगणात आम्ही उतरलो होतो त्या मावशींनी पिठलं-भाकरी वाढता वाढताच बजावलं होतं, “बॅटऱ्या लावू नका बरं का, काजवं बुजत्यात.” संध्याकाळी लावून ठेवलेला फोकस म्हणूनच दुप्पट मोलाचा: फोटोही वाचतो, काजवेही.

झाड कॅमेऱ्यापासून बारा-एक मीटरवर होतं. लेन्स 24 मिलिमीटरची, कॅमेरा फुल फ्रेम, अ‍ॅपर्चर 2. या जोडीत दहा मीटरच्या आसपास फोकस लावला की तिथपासून थेट तारकांपर्यंत सगळं डोळ्याला पटेल इतपत स्पष्ट येतं. म्हणजे झाडावर लावलेला फोकस आभाळालाही जवळजवळ पुरतो. हीच लेन्स 50 मिलिमीटरची असती तर ते अंतर चाळीस मीटरच्या पुढे गेलं असतं, आणि झाड की तारे, काहीतरी एक सोडावं लागलं असतं. नवशिक्याने रुंद लेन्स घ्यावी ती केवळ जास्त आभाळ मावतं म्हणून नव्हे, ती फोकसची चूक पोटात घालते म्हणूनही. ज्याला फक्त तारेच टिपायचे आहेत त्याने लेन्सवरच्या आडव्या आठच्या खुणेवर भरवसा ठेवू नये. हल्लीच्या पुष्कळ लेन्स त्या खुणेच्याही पुढे फिरतात. एखादा ठळक तारा पडद्यावर दहापट मोठा करून बघावा, कडं हळूहळू फिरवावं, आणि तारा जिथे सगळ्यात बारीक दिसेल तिथे थांबावं.

आता ते “जवळजवळ” बघू, कारण या फोटोतली मला सगळ्यात आवडणारी जागा तिथे आहे. वृश्चिकातली ज्येष्ठा. तिचा रंग या फोटोत दिसतो: विटकरी, तांबूस, आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसतो तसाच. एरवी रात्रीच्या फोटोत सगळे तारे पांढरे टिंब होऊन जातात. फोकस काटेकोर असला की ताऱ्याचा सगळा उजेड सेन्सरच्या एक-दोन पिक्सेलांवर पडतो, ते पिक्सेल काठोकाठ भरतात आणि भरलेल्या पिक्सेलला रंग उरत नाही. इथे फोकस झाडावर आहे, त्यामुळे तारे केसभर मऊ झाले आहेत. ज्येष्ठेचा उजेड चार-सहा पिक्सेलांत पसरला, एकही पुरता भरला नाही, आणि तांबूसपणा वाचला. अनुभवी मंडळी हाच परिणाम साधण्यासाठी लेन्सपुढे धुरकट फिल्टर लावतात. भाचीला तो झाडाशी इमान राखल्यामुळे मिळाला.

हेच चौकटीच्या डाव्या तळाशी दुसऱ्या टोकाने दिसतं. शटर उघडं असताना एक काजवा लेन्सच्या पुढ्यातून, हातभर अंतरावरून उडत गेला. तो फोकसमध्ये असणं शक्यच नव्हतं. त्याच्या प्रत्येक लुकलुकीची एक मोठी, पारदर्शक चकती झाली आहे, आणि अशा पाच-सहा चकत्या तिरप्या रांगेत वर चढत गेल्या आहेत. फोटोतला सगळ्यात शुद्ध हिरवा त्या चकत्यांत आहे. उजेड पसरला, पातळ झाला, म्हणून रंग पूर्ण दिसला. एकाच चौकटीत तीन थर झाले: जवळ चकत्या, मध्ये टिंबं, दूर तारे. तिन्ही ठिकाणी रंगाची पातळी फोकसने ठरवली आहे.

झाडावरची टिंबं मात्र अगदी नेमक्या फोकसमध्ये आहेत. मग तिथला हिरवा का टिकला? काजव्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य प्राणवायूशी संयोग पावतं, ल्युसिफेरेज हे विकर ते घडवून आणतं, आणि उष्णता जवळजवळ न होता उजेड बाहेर पडतो. हा उजेड साधारण 560 नॅनोमीटरच्या आसपासचा, हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवरचा. कॅमेऱ्यात तो आधी हिरव्या पिक्सेलांना भरतो, पाठोपाठ लाल, आणि आयएसओ फार चढवला तर निळेही भरत जातात, की टिंब पांढरं. भाचीने आयएसओ 1600 वर ठेवला. आजूबाजूच्या मंडळींचे कॅमेरे 6400 वर होते आणि त्यांच्या पडद्यांवर झाड जास्त झगमगत होतं, पण ती झगमग पांढरी होती. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. काजव्याची लुकलुक क्षणभराची असते. शटर वीस सेकंद उघडं ठेवा की तीस, एका लुकलुकीचा उजेड वाढत नाही. वाढते ती लुकलुकींची संख्या. म्हणजे शटर किती काजवे ते ठरवतं, आणि अ‍ॅपर्चर व आयएसओ त्यांचा रंग ठरवतात. एकाच जागी बसून पुन्हापुन्हा लुकलुकणारे काजवे याला अपवाद. त्यांची टिंबं वरचेवर साठत जातात, आणि या फोटोतली मोजकी पांढरट टिंबं त्यांचीच आहेत. ती खुपत नाहीत. दीपमाळेवरच्या सगळ्या पणत्या कुठे सारख्या तेवतात?

वीस सेकंदांमागेही हिशोब आहे. 500 ला लेन्सच्या मिलिमीटरने भागलं की तारे रेघ न होता टिंब राहतील इतके सेकंद ढोबळमानाने मिळतात. 24 ला ते साधारण वीस येतात. काटेकोर बघणाऱ्याला तेही जास्त वाटतील. या फोटोत तारे किंचित लांबट झालेत, पण ते कळायला भिंग लागतं.

आणि आता आभाळाचा रंग. फोटो दाखवताना भाचीने विचारलं होतं, “मामा, हे निळं खोटं वाटतंय का?” प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर डोळ्याच्या रचनेत आहे. अंधारात आपण ज्या पेशींनी बघतो त्यांना रंग कळतच नाही. अंधुक उजेडात लाल आधी काळवंडतो आणि निळे-हिरवे तुलनेने उजळ वाटतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने नोंदवलं. म्हणून चांदणं आपल्याला निळसर भासतं. वास्तविक चांदणं म्हणजे परतलेलं ऊनच, आणि मोजलं तर उन्हापेक्षा किंचित पिवळंच. चांदण्यात कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स उन्हाचा ठेवून भरपूर वेळ शटर उघडा, फोटो दुपारचा वाटेल. ओळखायचं ते आभाळातल्या ताऱ्यांवरून. तो फोटो मोजमापाने खरा, पण तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने खोटा.

मग रात्रीचा रंग ठरवायचा कशावरून? या चौकटीत उत्तर आहे. आभाळ, डोंगर, गवत यांचा रंग आमच्यापैकी कुणाच्याही डोळ्याने पाहिला नव्हता. ते सगळं आम्हाला करडंच दिसत होतं. रंगासकट दिसत होते ते काजवे, कारण त्यांचा उजेड डोळ्याच्या रंग कळणाऱ्या पेशींना जागं करण्याइतका तेज असतो. भाचीने फोटो रॉमध्ये काढला होता. घरी संगणकावर तिने व्हाइट बॅलन्सचा केल्विनचा काटा सरकवला तो काजव्यांकडे बघत. 5500 ला आभाळ लोणावळ्याच्या धगीने गढूळ तपकिरी होत होतं. 3000 च्या खाली गेल्यावर आभाळ गडद निळं, देखणं झालं, पण काजवे पुदिन्यासारखे थंड हिरवे पडले, आणि तसा काजवा आम्ही पाहिला नव्हता. 3900 ला काजवा काजव्यासारखा झाला, तिथे ती थांबली. आभाळाला जो निळा मिळाला तो काजव्याच्या मागोमाग आला. ओसरीवरचा दिवाही त्यामुळे उबदार पिवळा राहिला आणि हिरव्यासमोर शोभला. ऑटो व्हाइट बॅलन्सला हे जमलं नसतं. काजव्याचा हिरवा काय असतो हे त्याला ठाऊक नाही, तो फक्त सरासरी काढतो.

एक जागा मला पटत नाही. अंधारात करवंदीची एक जाळी आहे, तो भाग भाचीने नंतर उजळवला आहे. ज्या अंधारात कॅमेऱ्याला फारसं काही मिळालेलंच नाही, तो उजळवला की माहितीऐवजी जांभळट दाणे वर येतात, आणि तिथे तेच झालंय. फोनचा नाइट मोड अनेक छोट्या फ्रेम जुळवून रात्रीची संध्याकाळ करतो, आणि त्याची सवय आता आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांना लागली आहे. काळं दिसलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. पण या चित्रातला काळा रंगही रंगच आहे. त्याच्यावाचून हिरव्याला तेज नाही. ती जाळी काळीच राहायला हवी होती.

काजव्यांच्या फोटोचं नाव निघालं की प्रथमेश घाडेकर यांचं चित्र आठवतं. ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेच्या 2021 च्या स्पर्धेत त्याला लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. ट्रायपॉडवरून घेतलेल्या प्रत्येकी तीस सेकंदांच्या 32 फ्रेम एकावर एक रचून ते झाड उभं राहिलं आहे. म्हणजे सोळा मिनिटांची लुकलुक एका चित्रात. असं एका वेळी डोळ्याला कधीच दिसत नाही, म्हणून काही जण नाक मुरडतात. मी मुरडत नाही. सोळा मिनिटं एका झाडाखाली उभं राहिल्यावर मनात जे साठतं ते तसंच असतं, आणि त्यांनी रचना कशी केली हे उघड सांगितलेलं आहे. फक्त नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये. एका फ्रेममध्ये फोकस आणि रंग सांभाळता आला तरच बत्तीस फ्रेममध्ये सांभाळता येतो. ट्रायपॉडला एक धक्का, केल्विनमध्ये एक बदल, दमट हवेने लेन्सवर धरलेली एक वाफ, की पुढच्या सगळ्या फ्रेम मागच्यांशी जुळेनाशा होतात.

भाचीला आता तसं रचलेलं चित्र करायचं आहे. करावंच. लेन्स तीच, आयएसओ तोच, आणि लेन्स पुसायला कोरडं सुती फडकं खिशात. वटपौर्णिमेच्या मागचे-पुढचे दिवस टाळायचे, कारण चांदण्यात काजवे फिके पडतात. शनिवार-रविवार तर टाळायचाच. हंगामात त्या दोन रात्री राजमाचीच्या वाटेवर गाड्यांचे दिवे थांबत नाहीत; अमावास्येजवळचा मधला वार पाहून गेलं तर सोळा मिनिटांचा सलग काळोख अजून मिळतो.