बेथानीचे सुगंधी तेल : मोलवान दानाचा एक विचार

येशूला एका स्त्रीने सुगंधी तेल लावल्याची कथा चारही शुभवर्तमानांत येते. परंतु तिचा विषय सर्वत्र एकच नाही. लूकने ती एका परूश्याच्या घरी घडविली असून तिचा रोख पापक्षमेकडे आहे. तेलाच्या किमतीचा तेथे उच्चारही नाही. मार्क, मत्तय व योहान यांनी मात्र ती बेथानी येथे, येशूच्या मृत्यूच्या अगदी अलीकडे ठेवली आहे, आणि तिघांच्याही कथनात किमतीवरून वाद उपस्थित होतो. मोलवान दानाचा ख्रिस्ती अर्थ शोधणाऱ्यास हा वाद टाळता येणार नाही.

मार्क व योहान यांच्या मते हे तेल जटामांसीचे होते. ही वनस्पती हिमालयाच्या उंच प्रदेशात होते, व तिच्या ग्रीक नावाचा संबंध भाषाभ्यासक संस्कृत ‘नलद’ या शब्दाशी जोडतात. योहान या तेलाची किंमत ३०० दीनार सांगतो. मार्क त्याहूनही अधिक. मत्तयातील द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात मजुराची दिवसाची मजुरी १ दीनार आहे. म्हणजे जवळजवळ वर्षभराची मजुरी एका घटकेत ओतली गेली.

हे तेल विकून गरिबांस का दिले नाही, असा आक्षेप मार्कमध्ये ‘काही जण’ घेतात, मत्तयात शिष्य घेतात. योहान तो एकट्या यहूदाच्या तोंडी घालून त्यास चोर ठरवितो. या योजनेने कथेतील नाट्य वाढले; परंतु प्रश्नाचे गांभीर्य उणावले, असे आम्हांस वाटते. कारण हा प्रश्न सज्जनासही पडावा असाच आहे.

गरीब सदैव तुमच्यापाशी आहेत, या आशयाच्या येशूच्या उत्तराचा आधार घेऊन मंदिरांच्या वैभवाचे समर्थन पुष्कळदा करण्यात येते. तथापि त्या उत्तरात अनुवाद ग्रंथाच्या १५ व्या अध्यायाचा प्रतिध्वनी आहे, आणि तेथे गरीब नाहीसे होणार नाहीत म्हणूनच हात सैल सोडण्याची आज्ञा आहे. चौथ्या शतकात मत्तयावर प्रवचने करताना योहान ख्रिसोस्तोमनेही, ख्रिस्त भुकेला असता त्याच्या मेजावर सोन्याचे पेले मांडून काय लाभ, अशा अर्थाची विचारणा केली होती.

मग या दानाचे श्रेष्ठत्व कशात? त्याचे उत्तर मार्कच्या रचनेत सापडते. त्याने ही कथा येशूला मारण्याचा कट आणि यहूदाची फितुरी यांच्यामध्ये बसविली आहे. एक जण गुरूचे मोल घेण्यास निघतो. दुसरी मोलाचा हिशेब सोडून देते. कुपी फोडल्याचा उल्लेखही मार्कच करतो. मागे काही राखून ठेवण्याची सोयच उरलेली नाही. १२ व्या अध्यायातील विधवेची दोन क्षुद्र नाणी व हे बहुमोल तेल यांत हेच साम्य आहे. पुढे १६ व्या अध्यायात स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे जातात, तेव्हा तेथे देह नसतो. मार्कच्या कथनात वेळेवर पोहोचलेले अभ्यंग बेथानीचे एवढेच.

सारांश, किमतीमुळे हे दान पवित्र ठरत नाही; किंमत जाणूनही ती धरून न ठेवल्यामुळे ते पवित्र ठरते. समोरचा मनुष्य मरणाच्या वाटेवर आहे हे त्या स्त्रीने ओळखले, आणि जे जवळ होते ते त्याच क्षणी दिले. या कसोटीवर भुकेल्यास दिलेली भाकरी तिच्या तेलाच्याच पंक्तीला बसते. आक्षेपकांची चूक गरिबांची आठवण काढण्यात नव्हती. समोर बसलेला, लवकरच मरणारा मनुष्य त्यांना दिसला नाही, यात होती.