‘घाशीराम’मधील हिंसा आणि प्रेक्षकाचे पूर्वसंस्कार

रंगभूमीवरील हिंसेचा परिणाम सर्व प्रेक्षकांवर सारखाच होतो, हे गृहीतक विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’पुढे टिकत नाही. १६ डिसेंबर १९७२ रोजी सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात त्याचा पहिला प्रयोग झाला. १९ प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते थांबविले. आक्षेपांचा मुख्य रोख क्रौर्यावर नव्हता. तो नाना फडणविसांच्या चित्रणावर आणि ब्राह्मणांच्या अवमानावर होता.

वस्तुतः नाटकात हिंसा तीन ठिकाणी येते: परमुलखातल्या घाशीरामाला पुण्यात चोरीचा आळ घेऊन झालेली मारहाण, कोतवाल झाल्यावर त्याने पुणेकरांचा मांडलेला छळ आणि अखेर जमावाकडून झालेला त्याचा वध. पेठेशी तादात्म्य पावणाऱ्यास दुसरी बोचेल. परक्या शहरी अपमान सोसलेल्यास पहिली. १९८० साली युरोपात प्रयोग झाले. तेथील प्रेक्षकास पुण्यातील जातीय अस्मितेचा संस्कार नसल्याने सत्तेची यंत्रणाच अधिक ठळक दिसणे स्वाभाविक होय.

सारांश, पूर्वसंस्कार हिंसेचा परिणाम केवळ वाढवीत वा घटवीत नाहीत. हिंसा कशास म्हणावयाचे, हेच ते ठरवितात. म्हणून अभ्यासकाने प्रथम विचारावे ते हे, की घाशीरामाचा वध कोणास हिंसा वाटला आणि कोणास न्याय?