प्रार्थनेतील मागणे

मराठी ख्रिस्ती भक्तिकाव्याचा विचार करताना एक कसोटी आपण नकळत हाती घेतो. जेथे कवी देवापाशी काहीच मागत नाही तेथे काव्य उच्च कोटीचे. जेथे तो अन्न, आरोग्य वा संकटनिवारण मागू लागतो तेथे ते सकाम, म्हणून हीन, असा हा न्याय आहे. निष्काम भक्तीच्या आदर्शात वाढलेल्या रसिकास तो स्वाभाविक वाटतो. तथापि या काव्याच्या मुळाशी असलेल्या प्रार्थनेस तो लागू पडत नाही, असे आमचे मत आहे.

ही प्रार्थना म्हणजे येशूने शिष्यांस शिकविलेली, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील प्रभूची प्रार्थना. तिची रचना पाहावी. आरंभीच्या तीन मागण्या देवाचे नाम, राज्य आणि इच्छा यांविषयीच्या. शेवटच्या, क्षमेच्या व रक्षणाच्या. या दोहोंच्या मध्ये, क्षमेच्याही आधी, भाकरीची मागणी येते. मूळ ग्रीकमध्ये त्या भाकरीस लावलेले विशेषण नव्या करारात या प्रार्थनेच्या दोन पाठांखेरीज अन्यत्र आढळत नाही, व त्याच्या अर्थाविषयी पंडितांत एकमत नाही. जेरोमने लॅटिनमध्ये ते लूकच्या पाठात ‘दैनंदिन’ असे, तर मत्तयाच्या पाठात ‘द्रव्यातीत’ अशा अर्थाने उतरविले. प्रचलित मराठी भाषांतराने ‘रोजची भाकर’ पत्करली. ‘अन्न’ म्हणता आले असते. परंतु ‘भाकर’ या शब्दाने चूल आणि तवा प्रार्थनेत आले, आणि मागणीचा साधेपणा राखला गेला.

या मागणीस दोन मर्यादा आहेत. ती ‘आमची’ भाकर मागते, ‘माझी’ नव्हे. आजची मागते, कोठाराची नव्हे. लूकने या प्रार्थनेपाठोपाठ दिलेल्या दृष्टान्तात मध्यरात्री मित्राच्या दारी गेलेला मनुष्य तीन भाकरी मागतो, त्या अवचित आलेल्या पाहुण्यासाठी. स्वतःची गरज येथे दुसऱ्याच्या भुकेपासून तुटलेली नाही.

पण सर्वज्ञास गरज सांगावी कशासाठी? ही शंका मत्तयाच्या त्याच अध्यायात गृहीत धरलेली आहे. मागण्यापूर्वीच पित्यास सारे ठाऊक असते असे सांगून लगेच मागावयास शिकविले आहे. सुमारे ४१२ साली प्रोबा नामक विधवेस लिहिलेल्या पत्रात ऑगस्टीनने याचा उलगडा केला, तो असा की शब्द देवास कळविण्यासाठी नसून आपली आस जागी ठेवण्यासाठी असतात. मागणे म्हणजे वार्ता देणे नव्हे, नाते मान्य करणे होय. काना गावच्या लग्नात मरिया तर काही मागतही नाही. द्राक्षारस संपला एवढेच सांगते. गेथशेमाने बागेत येशू दुःखाचा प्याला टळावा असे प्रथम स्पष्ट मागतो, आणि मगच पित्याच्या इच्छेस मान तुकवितो. हा क्रम महत्त्वाचा आहे. हे समर्पण इच्छा गिळून केलेले नाही, बोलून केलेले आहे. आणि तो प्याला टळला नाही, हेही विसरता येत नाही.

हे मराठी मनास परके नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात ज्ञानी भक्तास अग्रस्थान असले तरी आर्त व अर्थार्थी भक्तांसही उदारच म्हटले आहे. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल दळणकांडणास हातभार लावतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तास ‘माउली’ म्हटले, यात वारकरी शब्दाची केवळ उसनवारी पाहणे अपुरे होय. आईपाशी हट्ट करणाऱ्या लेकरास कोणी सकाम म्हणत नाही. त्या एका संबोधनाने मागण्याचा अधिकार सिद्ध होतो.

याचा अर्थ प्रत्येक मागणे काव्य होते असा नव्हे. ज्या गीतात देवाशी सौदा शिरतो, अमुक दिलेस तर तमुक करीन अशी नवसाची भाषा येते, ते गीत भक्ती म्हणून उणे पडते व काव्य म्हणूनही. तेव्हा अशी गीते वर्गात शिकविताना ‘कवी मागतो काय?’ एवढ्यावर निर्णय देऊ नये. ‘मी’चे ‘आम्ही’ झाले काय, मागणे आजच्यापुरते राहिले काय, आणि नकारासाठी जागा ठेवली काय, हे विचारावे. या तिन्ही प्रश्नांस उतरणारी भाकरीची मागणी निरिच्छतेच्या उत्तम अभंगाशेजारी मानाने बसेल.